स्टँडवरचे आठ तास: म्हापशातल्या एका पायलटाच्या विजेच्या स्कूटरचा हिशेब

म्हापशाच्या बाजाराजवळ पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. हे आमचे पायलट. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मागच्या सीटवर एक उतारू बसवून भाडे मारण्याचा धंदा इथे कित्येक दशके रीतसर परवान्याने चालत आला आहे. मोबाइलवरून दुचाकी बोलावण्याची सोय मोठ्या शहरांत आली, त्याच्या खूप आधीपासून. बस जिथे सोडते तिथून घराच्या दारापर्यंतचे दोन-चार किलोमीटर पायलटाचे.

माझा चुलतभाऊ अशाच एका स्टँडवर २४ वर्षे आहे. दादाचे वय ५१, घर कोलवाळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्याच्या मुहूर्तावर, त्याने दहा वर्षांची पेट्रोलची मोटारसायकल विकून विजेची स्कूटर घेतली. माझा धंदा हिशेब लिहिण्याचा, म्हणून त्याला एक वही घेऊन दिली आणि रकाने आखून दिले. दादाने ते नेमाने भरले. २ डिसेंबर २०२४ ते ३१ डिसेंबर २०२५ या १३ महिन्यांच्या त्या नोंदींवरून हे लिहितो आहे.

एका माणसाच्या एका गाडीची ही वही आहे, त्यावरून साऱ्या गोव्याचे गणित मांडू नये. तरीही लिहावेसे वाटले, कारण विजेच्या गाड्यांविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक ऑफिसला जाऊन येणाऱ्यांच्या गाड्यांविषयी असते. दिवसाला ७० किलोमीटर पळून घर चालवणाऱ्या गाडीची दुखणी वेगळी, आणि तिच्यापासून होणारा फायदाही वेगळा.

जुनी गाडी का विकली

जुनी मोटारसायकल १०० सीसीची होती. लिटरला ४८ किलोमीटर देत होती. पेट्रोल लिटरला ९६ रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला सरळ दोन रुपये. महिन्याला सरासरी १,८४० किलोमीटर होत, त्याचे पेट्रोल ३,६८० रुपयांचे. ऑइल, चेन, क्लचप्लेट, कार्ब्युरेटरची साफसफाई हे सगळे वर्षभरावर पसरले तर महिन्याला आणखी साडेतीनशे.

पण पैशांच्या आधी दादाचे मनगट बोलू लागले होते. २४ वर्षे बाजाराच्या गर्दीत क्लच दाबून डावा हात रात्री ठणकायचा. वहिनीने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, ‘भाऊजी, गाडी कुठलीही घेऊ दे, पण गिअरची नको.’ या प्रकरणाची सुरुवात खरे तर तिथून झाली.

पर्याय तीन होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल तर न मागता पंपावर मिळतच होते. २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य मुळात २०३० सालचे, ते देशाने २०२५ मध्येच गाठले. लिटरभर इथेनॉलात पेट्रोलच्या मानाने दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रण वाढले की लिटरमागचे अंतर थोडे घटते. शिवाय जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वायसर इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नसतात. म्हणजे जुनी गाडी तशीच ठेवली तर खर्च वाढणारच होता. (गोव्याचा एकुलता एक साखर कारखाना, धारबांदोड्याचा संजीवनी, कित्येक वर्षे बंद पडून आहे. आपल्या ऊसवाल्यांना या इथेनॉलच्या भरभराटीतून काही मिळाले नाही, ही सल सत्तरी-सांग्याच्या माणसाला विचारावी.)

दुसरा पर्याय सीएनजीचा. जुलै २०२४ मध्ये बजाजची फ्रीडम ही सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल बाजारात आली होती. दोन किलो गॅसची टाकी, सोबत दोन लिटर पेट्रोलची, आणि किलोला १०२ किलोमीटरचा कंपनीचा दावा. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गॅसवाहिनी गोव्यातूनच जाते, तेव्हा उत्तर गोव्यात सीएनजी ही काही नवलाई राहिलेली नाही. दाव्यातले थोडे कमी धरले तरी किलोमीटरचा खर्च निम्म्यावर येत होता. दादा आठवडाभर त्याच विचारात होता. मग गॅसच्या रांगेत तास घालवणाऱ्या रिक्षावाल्यांकडून त्याने ऐकले, आणि शेवटी तीही गाडी गिअरचीच. बेत बारगळला.

उरली विजेची स्कूटर. तीन युनिट वीज मावणारी बॅटरी, रस्त्यावर येईपर्यंत १ लाख २१ हजार रुपये. गोवा सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी अनुदान सुरू केले होते, पण दादा शोरूममध्ये पोचला तेव्हा ते मिळत नव्हते. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना मात्र १ ऑक्टोबर २०२४ लाच सुरू झाली होती. तिच्यात तेव्हा बॅटरीच्या युनिटमागे ५ हजार आणि दुचाकीला जास्तीत जास्त १० हजार मिळत होते. तेवढी सूट बिलातच वजा होऊन आली. जुन्या गाडीचे २२ हजार आले, थोडी पदरची भर घातली आणि ९० हजारांचे कर्ज काढले. ३६ हप्ते, दर महिन्याला ३,१६४ रुपये.

इथे एक चूक झाली. ती इतरांनी करू नये म्हणून मुद्दाम लिहितो. जुनी गाडी आधी विकली आणि नवीचे कागद मागाहून करायला घेतले. १८ ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या भाड्याच्या वाहनांना परमिटमधून सूट दिलेली आहे. पण व्यवसायाचे वाहन म्हणून नोंदणी, उतारूचा विमा आणि हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे, हे सगळे लागतेच. खाजगी विजेच्या गाडीची अक्षरे पांढरी असतात. विक्रेत्याने सवयीने कागद खाजगी गाडीचे भरले. ते दुरुस्त होईपर्यंत सहा आठवडे गेले. तेवढे दिवस दादा घरी, हप्ता मात्र सुरू. वहीचे पहिले पान दसऱ्याऐवजी २ डिसेंबरला उघडले ते यामुळे.

चिऱ्याच्या घरातली वायर

गाडी घरी आली त्या रात्री चार्जर लावला, तर त्यावर लाल दिवा. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. विक्रेत्याचा माणूस आला, त्याने खिशातला टेस्टर लावला आणि म्हणाला, ‘अर्थिंगच नाही.’

दादाचे घर आजोबांच्या वेळचे, चिऱ्याचे. वीज आली तेव्हा दोन तारा आत ओढल्या, चार दिवे लागले. पुढे टीव्ही, फ्रिज, मिक्सर एकेक करून त्याच तारांवर चढत गेले. तीन पिनांच्या सॉकेटचे तिसरे भोक होते, पण त्याच्या मागे तारच नव्हती. आपल्या गावांतल्या कितीतरी जुन्या घरांची हीच स्थिती आहे. फ्रिज अशा सॉकेटवर तक्रार न करता चालतो. गाडीचा चार्जर चालत नाही आणि चालूही नये. तो रात्रभर सलग वीज ओढतो, आणि गाडीचा लोखंडी सांगाडा ओल्या पडवीत उभा असतो.

वायरमन बोलावला. तो थिवीचा जुना जाणता माणूस. त्याने परसात विहिरीच्या बाजूला, जिथे ओल टिकते तिथे, सात फूट खड्डा खणला. आमची चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी होते की तिच्यात विजेला वाट मिळत नाही. म्हणून खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या नळीभोवती लोणारी कोळसा आणि जाडे मीठ थराथराने भरले, वर पाणी ओतायला तोंड ठेवले. उन्हाळ्यात दर आठवड्याला तिथे घागरभर पाणी घालायचे, हे काम वहिनीने तुळशीच्या पाण्याबरोबर स्वतःकडे घेतले. मीटरपासून पडवीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार, भार वाढला की पडणारा १६ अँपिअरचा खटका (एमसीबी), वीज कुठे गळली तर ३० मिलिअँपिअरवर तुटणारा दुसरा खटका (आरसीसीबी), पंधरा अँपिअरचा प्लग, आणि माझ्या हट्टामुळे एक छोटा वेगळा मीटर. सगळे मिळून ६,८०० रुपये.

हा खर्च कुठल्याही जाहिरातीत नसतो. गाडीच्या किमतीत धरला जात नाही, अनुदानात येत नाही. पण माझ्या मते या सबंध व्यवहारातला सर्वांत नीट खर्च झालेला पैसा हाच. मार्चमध्ये घरातला जुना गिझर खराब झाला, तेव्हा वायरमनने पुढे तोही याच अर्थिंगला जोडून दिला. घरातल्या माणसांना त्या घराच्या आयुष्यात पहिल्यांदा विजेपासून थोडे अभय मिळाले.

चार्जिंगची वेळ दादाने स्वतः शोधली. संध्याकाळी आल्याआल्या प्लग लावला की बॅटरी आधीच तापलेली असते. आता तो टायमर लावून रात्री एकला सुरू करतो. पहाटेपर्यंत बॅटरी भरते आणि थंड असताना भरते. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही.

वहीतले आकडे

१३ महिन्यांत गाडी २३,९२० किलोमीटर चालली. छोट्या मीटरवर युनिट पडले ९८१. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला साधारण २४ किलोमीटर, उतारू आणि म्हापशाचे चढ धरून. घरच्या वाढीव युनिटला सगळे आकार मिळून सरासरी चार रुपये पडले. महिन्याचा विजेचा खर्च ३०२ रुपये, किलोमीटरला १६ पैसे.

दोन रुपये आणि १६ पैसे. वाचताना डोळे दिपतात. म्हणून खालचा भागही वाचावा.

पेट्रोलचे वाचले महिन्याला ३,३७८. देखभालीत साधारण २०० वाचले. ब्रेकचे पॅड अजून पहिलेच आहेत, कारण उतारावर मोटरच गाडी आवरते आणि थोडी वीज परत भरते. मागचा टायर मात्र १७ हजारांवरच गुळगुळीत झाला. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, तो जोर टायरवर जातो. सगळे मिळून बचत ३,५७८ आणि हप्ता ३,१६४. हातात महिन्याला उरले चारशेच्या आसपास. अर्थिंगचे पैसे आणि घरी बसलेले सहा आठवडे त्यातून वजा केले, तर पहिल्या १३ महिन्यांत दादाला या गाडीने पैशांत काही दिलेले नाही. उलट तो थोडा मागे आहे.

हे मी त्याला डिसेंबरच्या शेवटच्या रात्री वही पुढे ठेवून सांगितले. तो म्हणाला, ‘हात दुखायचा थांबला, तो कुठच्या रकान्यात लिहिलास?’ माझ्याकडे तसा रकाना नव्हता. आता आखला आहे.

हप्ते ऑक्टोबर २०२७ मध्ये फिटतील. त्यानंतर महिन्याला साडेतीन हजार त्याच्या घरात राहतील, आणि कोलवाळच्या घरात त्या रकमेचा अर्थ मोठा आहे. पण ते बॅटरी टिकली तर. त्याकडे पुढे येतो.

धुराचे गणितही याच वहीवर करून पाहिले, कारण ‘शून्य प्रदूषण’ हे शब्द मला पटत नाहीत. लिटरभर पेट्रोल जळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे जुन्या गाडीचा किलोमीटरला ४८ ग्रॅम. वीज गोव्यात फारशी बनत नाही. कोरबा आणि विंध्याचलसारख्या दूरच्या कोळशाच्या केंद्रांतून आपला वाटा येतो. देशाच्या जाळ्याची सरासरी धरली तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो, त्या हिशेबाने नव्या गाडीचा किलोमीटरला २९ ग्रॅम. म्हणजे घट सुमारे ४० टक्के. बॅटरी बनवताना जो धूर होतो तो या घटीतून साधारण वर्षभरात फिटतो, तेही गाडी दादाइतकी चालली तर. ४० टक्के ही चांगली घट आहे आणि जाळ्यात सूर्याची वीज वाढेल तशी ती वाढेल. म्हापशाच्या बाजारात नाकापाशी येणारा धूर मात्र आजच गेला. ओळीत मागे उभ्या राहणाऱ्या पायलटांना तो फरक विचारायला लागत नाही.

उतारूंचे काय? म्हाताऱ्या बायकांना गाडी आवडली. हादरे नाहीत, आणि पायापाशी सपाट जागा असल्याने बाजाराची पिशवी मांडीवर धरावी लागत नाही. पहिल्या आठवड्यात एका आजीने उतरताना विचारले, ‘आवाजच ना मरे! बंद पडली की काय?’ बाजारात चालणाऱ्यांना मात्र ती मागून आलेली कळत नाही, तेव्हा दादा हॉर्न पूर्वीपेक्षा जास्त वाजवतो. हे त्याला स्वतःला आवडत नाही.

पाऊस, आणि चवथीचा बाजार

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोसळला. त्या आठवड्यात कोलवाळला तीन रात्री वीज गेली, झाडे तारांवर पडली. लायनमन भर पावसात खांबावर चढलेले आम्ही पाहिले, त्यांना बोल लावण्यासारखे काही नव्हते. पण पेट्रोलची टाकी वीज गेली म्हणून रिकामी होत नाही. तीनपैकी एका दिवशी दादा दुपारीच घरी परतला, एका दिवशी निघालाच नाही. पाण्यातून जाताना गाडीने कधी दगा दिला नाही, मोटर आणि बॅटरीची पेटी पाणी आत न येईल अशीच बांधलेली असते. त्रास झाला तो चार्जरच्या पिनांना. आमच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा गंज चढतो, तो दर पंधरा दिवसांनी ब्रशने काढावा लागतो.

आता २५ ऑगस्टचा दिवस. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ तारखेला होती. चवथीच्या आधीचे दोन दिवस म्हापशात माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार भरतो. नारळ, सुपारीची शिपटी, कांगले, घागऱ्या, निरफणस, रानातली फळे-फुले घेऊन गावोगावच्या बायका बसतात, आणि अर्धा बारदेश तालुका तिथे लोटतो. पायलटासाठी वर्षातले सर्वांत मोठे दिवस हेच. म्हापशाच्या चर्चमधले मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त आणि बोडगेश्वराची जत्रा यांच्या खालोखाल.

त्या दिवशी दादा पहाटे सहाला स्टँडवर होता. दुपारी तीनपर्यंत ६८ किलोमीटर झाले. पावणेपाचला एक बाई आली, दोन्ही हातांत माटोळीचे सामान, जायचे हळदोण्याला. हळदोणे जाऊन-येऊन वीस किलोमीटर, आणि तिथून रात्री कोलवाळ गाठायचे. काट्यावर १४ टक्के. त्याने नाही म्हटले.

२४ वर्षांत बसायला आलेल्या उतारूला गाडीमुळे नाही म्हणण्याची ती त्याची पहिलीच वेळ नव्हती. वहीत ‘नाकारलेले भाडे’ असा रकाना आहे आणि त्यात १३ महिन्यांत ४१ नोंदी आहेत. पण ती बाई ओळखीची होती. तिचा नवरा याच स्टँडवर पायलट होता, तो वारल्यावरही ती दादाच्याच मागे बसायची. ती काही बोलली नाही, पुढच्या गाडीवर बसून गेली. दादाने त्या रात्री वहीत आकडा लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारून भरला.

४१ नोंदी मी तारखांप्रमाणे लावून पाहिल्या. २९ नोंदी फक्त चार हंगामांतल्या आहेत: जत्रा, फेस्त, चवथीचे दिवस आणि डिसेंबरची अखेर. उरलेल्या बारा वर्षभर विखुरलेल्या. म्हणजे साध्या दिवसांत ही बॅटरी पुरते. जे दिवस वर्ष तोलून धरतात, नेमक्या त्या दिवसांत ती कमी पडते.

गाडी दिवसभर कुठे असते

यावर शोरूमचे उत्तर तयार होते: पुढच्या वेळी मोठी बॅटरी घ्या. आणखी ३० हजार.

मी दादाला उलट एक काम सांगितले. सप्टेंबरातला एक साधा आठवडा गाडी कधी चालते आणि कधी उभी असते एवढेच लिही. सहा दिवसांची सरासरी अशी आली: स्टँडवर सकाळी आठ ते संध्याकाळी सात, अकरा तास. त्यात चाके फिरली पावणेतीन तास. बाकीचे आठ तास आणि वर काही मिनिटे गाडी ओळीत उभी. नंबर येण्याची वाट पाहत, किंवा दादा जेवत असताना आंब्याखाली.

या आठ तासांकडे आजवर कुणीच पाहिलेले नाही. गाडीसोबतचा चार्जर ६५० वॅटचा आहे. आठ तास म्हणजे पाच युनिटच्या वर, जवळजवळ दोन बॅटऱ्या. तेवढे लागतच नाही. दुपारचे दोन तास मिळाले तर १.३ युनिट, म्हणजे ३० किलोमीटरहून अधिक. हळदोणे होऊन कोलवाळ गाठता आले असते. ४१ पैकी ३८ भाडी या दोन तासांत वाचली असती. मी एकेक नोंद तपासली आहे.

स्टँडपासून वीस पावलांवर चहाचे हॉटेल आहे. ऑक्टोबरात दादाने तिथे विचारले. हॉटेलवाला आनंदाने तयार झाला, दिवसाचे पंधरा रुपये ठरले, फ्रिजच्या मागचा प्लग मिळाला. तीन आठवडे उत्तम गेले. मग जागेच्या मालकाने हरकत घेतली: दुकानातली वीज बाहेरच्याला विकणे बेकायदेशीर आहे, उद्या कुणी तक्रार केली तर? हॉटेलवाला घाबरला, आणि त्याला दोष देता येत नाही.

ही भीती निराधार आहे, आणि आमच्याकडच्या किती दुकानदारांना हे माहीत आहे कोण जाणे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, आणि त्यासाठी परवाना लागत नाही. मी त्या खुलाशाची प्रत काढून नेऊन दिली. मालकाने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि ‘बघूया’ म्हणाला. प्लग अजून बंद आहे.

सार्वजनिक चार्जर नाहीत असेही नाही. पण मोठ्या रस्त्यांवर उभे राहतात ते बहुतेक मोटारींसाठीचे, त्यांची जाड तार स्कूटरला लागत नाही. दुचाकींत कंपनीगणिक जोडणी वेगळी. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये हलक्या वाहनांसाठी एक समान जोडणी ठरवून दिली आहे, ती सगळीकडे यायला वेळ लागेल. तोवर सगळ्या कंपन्यांच्या स्कूटरना चालणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे भिंतीवरचा पंधरा अँपिअरचा साधा प्लग. हलक्या वाहनांसाठी असा स्वस्त चार्जिंग पॉइंट, मोबाइलवरून पैसे भरता येणारा, साडेतीन हजार रुपयांत बसवावा या उद्देशाने २०२१ मध्ये देशाचे मानकही निघाले. पायलटांच्या एका स्टँडला असे दोन पॉइंट पुरतात, कारण दादाच्या स्टँडवर आहेत तशा बाराही गाड्यांना एकाच वेळी चार्जिंग लागत नाही.

आता अनुदानाचे बोलतो, कारण मला याचे मनापासून वाईट वाटते. २०१९ ते २०२४ चालली त्या केंद्राच्या फेम-२ अनुदान योजनेत तीनचाकी आणि चारचाकीला मदत मुख्यतः भाड्याच्या वाहनांना होती, पण दुचाकीत भर खाजगी गाड्यांवर होता. आपल्या पायलटांसारखा धंदा तो आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावा. पीएम ई-ड्राइव्हमध्ये भाड्याच्या दुचाकी आल्या हे चांगले झाले. पण मोजमाप तेच राहिले: बॅटरीचे युनिट. दादाने गाडी घेतली तेव्हा दिवसाला बारा किलोमीटर जाणाऱ्या ऑफिसवाल्यालाही दहा हजार मिळत होते आणि सत्तर किलोमीटर जाणाऱ्या दादालाही दहा हजार. पहिल्याचे महिन्याला सहा-सात लिटर पेट्रोल वाचते, दादाचे ३८. सरकारला पेट्रोल वाचवायचे असेल तर पैसा किलोमीटरांच्या मागे जायला हवा. आणि त्यातला थोडा तरी गाडीवर खर्च न होता ती जिथे उभी असते तिथल्या भिंतीवर खर्च व्हायला हवा. दादाच्या एका गाडीला मिळाले तेवढ्या अनुदानात सबंध स्टँडचे दोन पॉइंट बसले असते.

हमीचे बारीक अक्षर

बॅटरीची हमी तीन वर्षे किंवा ५० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. शोरूममध्ये मोठ्या अक्षरात असे लिहिलेले होते. पुस्तिकेच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात होते की व्यवसायासाठी नोंदलेल्या गाडीला यातले निम्मेच किलोमीटर. म्हणजे २५ हजार. विकणाऱ्याने हे सांगितले नाही, आम्हीही कागद बदलेपर्यंत वाचले नव्हते. हे लिहितो आहे त्या जानेवारीतच दादाची हमी संपते आहे, आणि हप्ते अजून जवळपास दोन वर्षे बाकी आहेत.

डिसेंबरात सर्व्हिसला बॅटरी तपासून घेतली. ९३ टक्के क्षमता उरली आहे. १३ महिन्यांत तिचे पूर्ण भरण्या-रिकामे होण्याचे साधारण २९० फेरे झाले. तिच्यात निकेल-मँगनीज-कोबाल्टचे रसायन आहे, त्यात हजारेक फेऱ्यांनंतर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते असे धरतात. म्हणजे आणखी अडीच-तीन वर्षे काढायला हरकत नाही, हप्ते फिटून वर वर्षभर. लोह-फॉस्फेटची बॅटरी याच्या दुप्पट फेरे सहज काढते, उष्णताही जास्त सोसते, फक्त जड असते. भाड्यासाठी गाडी घेणाऱ्याने रंग आणि वेगाच्या आधी हा प्रश्न विचारावा. आम्ही विचारला नव्हता. नवी बॅटरी घालायची झाली तर ५० हजारांच्या वर जातात, म्हणून दादा आता विजेमुळे वाचलेल्या पैशांतून महिन्याला ४०० रुपये पोस्टात वेगळे टाकतो. हातात उरत होते ते तेवढेच.

स्टँडवरच्या आणखी एका पायलटाने डिसेंबरात गाडी चालवून पाहिली. वय बत्तीस, दोन लहान मुली. दिवसाला दादापेक्षा जास्त किलोमीटर मारतो. त्याच्यासाठी मी वहीची प्रत काढून दिली, हप्त्याचा हिशेब मांडून दिला, लोह-फॉस्फेटवाल्या दोन गाड्यांची नावे काढून दिली. त्याने सगळे लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाला, तो करासवाड्याला भाड्याच्या खोलीत राहतो, पहिल्या मजल्यावर. गाडी खाली रस्त्याच्या कडेला असते, आणि घरमालक प्लग देत नाही. स्टँडवर मिळेल का, एवढेच त्याने विचारले.

बाराही जणांच्या सह्यांचा अर्ज आम्ही तयार केला आहे. दोन पॉइंट, एक मीटर, वर पत्र्याचे छप्पर. तो ज्या खिडकीवर द्यायला गेलो तिथून दुसऱ्या खिडकीवर पाठवले, तिथून तिसऱ्या. तिसरीवर त्यांनी तो ठेवून घेतला आणि पोच दिली. त्या बत्तीस वर्षांच्या पायलटाने पोचेचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला आहे. गाडी त्याने अजून घेतलेली नाही.